ब्रेकमध्ये हवा शिरते कोठून?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी मराठीचा शिक्षक. त्यामुळे आजच्या मेळाव्यात मी मातृभाषेवर किंवा वाचनाच्या आवडीवर बोलेन, अशी आमच्या सेक्रेटरीसाहेबांची समजूत होती. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "सर, ब्रेक म्हणजे मोटारीचाच ब्रेक ना?" होय, मोटारीचाच. मी बी. ए., बी. एड. आहे, मोटार दुरुस्ती हा काही माझा विषय नव्हे. परंतु या सभागृहात बसलेल्या पालकांकडे पाहा. कोणी रिक्षा चालवतो, कोणी टेम्पो, कोणाची वडापची जीप आहे, कोणाचा मुलगा आखातात ड्रायव्हर आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल चाकावर चालते. आणि आपण कोकणातली माणसे. घाट उतरल्याशिवाय आपण घरी पोहोचत नाही. तेव्हा ब्रेक हा विषय आपणांस परका नाही. तो मी का निवडला, हे पुढे कळेलच.

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. कराडला एका नातेवाइकाकडे लग्न होते. मामूंच्या जुन्या जीपमधून आम्ही आठ माणसे गेलो होतो, त्यांत माझी दोन मुले. जाण्याच्या दोनच दिवस आधी मामूंनी एका गॅरेजात पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकची रबर किट बदलून घेतली होती. काम झाल्यापासून पेडल मऊ लागत होते. गॅरेजवाल्याने तीनदा हवा काढली आणि शेवटी सांगितले, "चालवा, दोन दिवसांत बसेल."

जाताना चढ होता, ब्रेकचे काम फारसे पडले नाही. परतताना हेळवाक सोडले आणि कुंभार्ली घाटाची उतरण लागली. चार-सहा वळणे झाली आणि मामूंचा चेहरा बदलला. पेडल जवळजवळ तळाला जात होते. दोनदा-तीनदा भराभर दाबले की थोडे वर येई, पुन्हा खाली. मामू तीस वर्षांचे ड्रायव्हर. त्यांनी गाडी न्यूट्रल केली नाही, इंजिन बंद केले नाही. पेडल पंप करीत त्यांनी गिअर चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढला आणि गाडी दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. पत्रा खरवडला, गाडी थांबली. कोणाला खरचटलेही नाही. उतरल्यावर मामूंचे हात थरथरत होते, आणि मुलांना काय झाले हे माझ्या तोंडातून फुटत नव्हते.

ड्रायव्हर बंधूंनो, मामूंनी केले ते लक्षात ठेवा. ब्रेक गेला असे वाटले तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बेताने ओढा, आणि इंजिन चालू ठेवा. इंजिन बंद पडले की बूस्टरची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. आणि ही वेळच येऊ नये म्हणून पुढचे ऐका.

ब्रेक चालतो कशावर? आपला पाय पेडलवर, चाक आठ-दहा फूट दूर. मध्ये आहे ती बोटाएवढीही जाड नसलेली एक नळी आणि तिच्यात द्रव. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा विद्वान होऊन गेला. बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, असा त्याचा नियम आहे. विद्यार्थी मित्रहो, हा नियम परीक्षेपुरता पाठ केला असेल, तर आता हिशेब करून पाहा. पायाचा जोर १५ किलो धरा. पेडलच्या तरफेने तो चौपट, म्हणजे ६० किलो झाला. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब झाला. तोच दाब चाकाजवळच्या २० चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर पडला की जोर झाला ४०० किलो. पंधरा किलोचे चारशे किलो! १९२१ साली अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारही चाकांवर असे द्रवाचे ब्रेक बसले, आणि आज रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक कार आणि जीप त्याच नियमावर थांबते.

परंतु या सगळ्याला एक अट आहे. नळीतला पदार्थ दबता कामा नये. द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते. पेडलच्या एका दाबात मास्टर सिलिंडर जेवढे ब्रेक ऑइल पुढे ढकलतो ते असते चहाचे दोन-तीन चमचे. त्यात अर्धा चमचा हवा असेल, तर दाब वीसपट झाल्यावर ती हवा विसाव्या हिश्शाएवढी होते. म्हणजे तुमच्या दोन-तीन चमच्यांपैकी जवळजवळ अर्धा चमचा ही हवा दाबण्यातच खर्च झाला. चाकापर्यंत पोहोचलाच नाही. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. यालाच आपले मेकॅनिक लोक 'लाईनने एअर धरली' असे म्हणतात. घाटात ब्रेक तापले की ही हवा आणखी फुगते.

आता आमच्या जीपकडे वळू. घरची मंडळी एस.टी.ने पुढे गेली. मी आणि मामू थांबलो. क्रेनने गाडी खाली आणली आणि घाटाच्या पायथ्याला एका लहानशा गॅरेजपुढे ठेवली. आतून हात पुसत एक तरुण आला आणि मला पाहून थबकला. "सर, तुम्ही?" तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी. नववीत असताना, २०१४ साली, त्याने शाळा सोडली होती. खरे बोलायचे तर, त्याने सोडली त्यात माझाही वाटा होता. पण ते नंतर.

त्याने ब्लीडरला हात लावला नाही. आधी मामूंना विचारले, "चाचा, कशाला हात लावला होता? काय काय खोललं होतं?" मग स्वतः सीटवर बसून पेडल दाबून पाहिले. पालकहो, पेडल ही ब्रेकची नाडी आहे, आणि ती बघायला कोणतेही यंत्र लागत नाही. चार प्रकार ओळखता आले पाहिजेत.

पेडल स्पंजसारखे मऊ लागते आणि पंप केले की वर येते, तर लाईनमध्ये हवा असण्याचा संभव अधिक. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, दुसऱ्या दाबाला वर आणि टणक लागते, मऊपणा नाही, तर मागच्या ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढलेले असू शकते. तिथे हवा काढून उपयोग नाही, अ‍ॅडजस्टमेंट हवी. पाय एकसारखा दाबून ठेवला असता पेडल सावकाश खाली खाली बसत जाते, तर कुठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतले रबर दाब धरीत नाही. आणि पेडल दगडासारखे घट्ट, गाडी मात्र थांबत नाही, तर बूस्टरकडे किंवा त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीकडे पाहावे. चारही तक्रारींना ड्रायव्हर एकच वाक्य बोलतो, "ब्रेक लागत नाही." आणि कित्येक ठिकाणी चारहींना एकच औषध दिले जाते, हवा काढा!

आणखी एक पाचवा प्रकार आहे, तो आपल्या घाटांत हमखास भेटतो. सकाळी ब्रेक चांगला, घाट उतरताना गेला, तासाभराने गाडी थंड झाली की पुन्हा चांगला. येथे बाहेरून हवा आलेली नसते; ब्रेक ऑइलमधले पाणी उकळून त्याची वाफ झालेली असते, आणि वाफही हवेसारखीच दबते. नावात ऑइल असले तरी हे खनिज तेल नव्हे. ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा प्यायल्यावर १४० अंशांनाही उकळू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, असे बहुतेक कंपन्या सांगतात. आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात तर हे विसरूच नये. उघडी राहिलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. आणि वेळेला मिळाले नाही म्हणून इंजिन ऑइल किंवा डिझेल त्या टाकीत कधीही घालू नये. आतली सगळी रबरे फुगून खराब होतात.

त्या मुलाने पेडल दाबून 'हवा आहे' एवढे ठरवले. पण तो तेथे थांबला नाही. तो म्हणाला, "सर, तीन वेळा हवा काढली तरी आहे, म्हणजे एक तर नवी शिरतेय, नाही तर जुनी निघतच नाही." त्याने टाकीतल्या ऑइलची पातळी पाहिली, प्रत्येक चाकाची आतली बाजू, होज पाईप, सांध्यांवरची तांब्याची वॉशर बोटाने चाचपली, पेडलच्या वरच्या बाजूला मास्टर सिलिंडरच्या मागे ओल आहे का तेही पाहिले. सगळे कोरडे. मग तो पुढच्या चाकाशी वाकला आणि हसला. "चाचा, कॅलिपर उलटसुलट बसवलेत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. निपल खाली आला आहे."

मला काही उमगले नाही. त्याने पाण्याची बाटली उचलली, अर्धीअधिक भरलेली, आणि आडवी धरली. "सर, बुडबुडा कुठं आहे? वर. भोक खाली पाडलं तर काय येणार? पाणीच येणार. बुडबुडा जागचा हलणार नाही." हवा काढण्याचा निपल नेहमी कॅलिपरच्या वरच्या टोकाला असतो, तो याचसाठी. दोन्ही बाजूंचे कॅलिपर दिसायला सारखे, बोल्टही तसेच बसतात. अदलाबदल झाली तरी गाडी तक्रार करीत नाही. मात्र मग तीनदा काय, तीसदा हवा काढा, बाटलीभर स्वच्छ ऑइल बाहेर येईल आणि हवा आतच बसून राहील.

त्याने कॅलिपर बदलून आपापल्या जागी बसवले आणि हवा काढली. ती कशी काढली ते सांगतो, कारण हे काम दोन माणसांचे आणि धीराचे आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चाकांना उटी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जायचे नाही. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून: आपल्याकडच्या गाडीत सामान्यतः मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांत लाईन तिरपी वाटलेली असते, तेथे क्रम वेगळा. तो गाडीच्या पुस्तकात पाहावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचा, बुडबुडे आले की निपल घट्ट करायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. हा 'मगच' महत्त्वाचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर जेवढी हवा गेली तेवढीच परत आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल थेट तळापर्यंत मारू नये. सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातल्या गंजावर रबर घासून फाटते. दर चार-पाच दाबांनी टाकीत ऑइल घालावे. टाकी रिकामी झाली की सगळे काम पहिल्यापासून. बाहेर आलेले ऑइल पुन्हा वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. आणि सर्व झाल्यावर मोकळ्या सपाट जागी सावकाश गाडी चालवून ब्रेक तपासल्याशिवाय ती रस्त्यावर न्यायची नाही.

तासाभरात पेडल वर आले आणि टणक लागले. त्याने मजुरी सांगितली आणि घेतली. मला ते आवडले. फुकट केले असते तर मी 'विद्यार्थ्याची माया' म्हणून विसरून गेलो असतो. पैसे मोजताना मला कळले की, माझ्यासमोर एक कारागीर उभा आहे.

एक शंका मला विद्यार्थी नेहमी विचारतात. "सर, एस.टी.च्या ब्रेकमध्ये तर हवाच असते, मग?" बरोबर आहे. एस.टी. आणि मोठे ट्रक यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवरच चालतात. गाडी थांबताना येणारा फुस्स आवाज त्याच हवेचा. तेथे इंजिनवरचा कॉम्प्रेसर सतत हवा भरतो आणि जोर त्या साठवलेल्या हवेचा असतो. तेथे शत्रू पाणी. म्हणून हवेच्या टाकीतले पाणी ड्रायव्हर वेळोवेळी सोडतात. ज्याची जागा जेथे नाही तेथे ते शिरले की बिघाड, एवढाच याचा अर्थ.

आता त्या मुलाविषयी. नववीत तो वारंवार गैरहजर असे. मी वर्गशिक्षक होतो, नोकरीत नवा होतो. हजेरीपटावरच्या रेघा पाहून मी त्याला बाहेर उभे केले, वहीत शेरे लिहिले, दंड केला. दर वेळी दोन दिवस तो नियमित येई, पुन्हा गायब. शेवटी त्याच्या आईला बोलावून मी सांगितले, "याचे शिक्षणात लक्ष नाही, कामधंद्याला लावा." त्या बिचारीने मान हलवली. त्याचे वडील आजारी होते आणि पहाटेपासून तो गॅरेजात गाड्या धूत होता, हे मला त्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी, तब्बल आठ वर्षांनी कळले. मी विचारलेच नव्हते. मी नुसती हवा काढीत राहिलो. ती कोठून शिरते हे पाहिले नाही.

आपण म्हणाल, तरी तो चांगला कारागीर झालाच की, शाळेवाचून काय अडले? मीही त्याला हेच म्हणालो. त्याने गॅरेजबाहेर उभी असलेली एक नवी गाडी दाखवली. "सर, ही परत पाठवतोय." एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना, आणि १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या मोटरसायकलींनाही, एबीएस सक्तीचे झाले. अशा काही गाड्यांत एबीएसच्या आत अडकलेली हवा काढायला स्कॅनर जोडून त्याचा पंप चालवावा लागतो. त्याच्या सूचना पडद्यावर इंग्रजीत येतात. हात तयार, डोके तयार, आणि गाडी परत जाते, कारण नववीपुढचे पुस्तक कोणी उघडून दिले नाही.

मी त्याला १७ नंबरचा फॉर्म आणून दिला. २०२४ च्या मार्चमध्ये तो दहावीला बसला. विज्ञानात चांगले गुण मिळाले, इंग्रजीत राहिला. "पुन्हा बसतो," म्हणाला. दहावी झाल्यावर आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा असे त्याच्या मनात आहे. गॅरेज सांभाळून कसे जमवणार, हे त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. ही गोष्ट मी सुखान्त करून सांगू शकत नाही.

पालक बंधुभगिनींनो, मुलगा गॅरेजात जातो याची लाज बाळगू नका; पण गॅरेजात जातो म्हणून शाळा पुरे, असेही म्हणू नका. पास्कलचा नियम दोन्ही ठिकाणी एकच आहे. मुलगा शाळेत येत नसेल तर घरची अडचण आम्हांला येऊन सांगा. आणि माझ्या शिक्षक सहकाऱ्यांनो, कोणी आपणहून सांगितले नाही, तर आपण विचारू या. विद्यार्थी मित्रहो, घरच्या गाडीचे पेडल मऊ लागत असेल आणि कोणी म्हणाले, "चालवा, बसेल," तर ऐकू नका. ते बसत नाही. गाडी उभी करा आणि विचारा, हवा शिरली कोठून?